घामाची कमाई गोळीपायी घालवू नका

पहाटे ग्राउंडवर १६०० मीटरचा सराव करणारी पोलीस भरतीची मुलं, ऑफिस सुटल्यावर जिम गाठणारे नोकरदार, रोज टेकडी चढणारे निवृत्त काका-काकू आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी महिनोन्महिने पळणारे हौशी धावपटू, या सगळ्यांना एक साधं सांगणं आहे. व्यायामाच्या जोडीला रोज चघळायची व्हिटॅमिन सीची मोठ्या डोसची गोळी, व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल किंवा डब्यावर ‘अँटिऑक्सिडंट’ असं ठळक छापलेली पावडर तुम्ही घेत असाल आणि ती डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी किंवा कमतरतेसाठी लिहून दिलेली नसेल, तर बंद करा. पैसे वाचतील, हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा हा की व्यायामानं शरीरात जे घडायला हवं, त्याच्या आड काही येणार नाही.

‘अहो, पण अँटिऑक्सिडंट तर चांगलेच असतात ना?’ हा प्रश्न येणारच. फ्री रॅडिकल शरीर पोखरतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांना मारतात, हे आपण इतकी वर्षं ऐकलं आहे की त्यावर कुणी शंका घेत नाही. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं डब्यावर छापलेलं नसतं, म्हणून ते इथे सांगतो.

भीती कुठून आली

रेणूंमधले इलेक्ट्रॉन एरवी जोडीनं राहतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडतो, तो फ्री रॅडिकल. तो स्वस्थ बसत नाही. शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारी तिसऱ्याचा ओढतो. अशी साखळी पेशीच्या आवरणात, प्रथिनांत किंवा डीएनएत सुरू झाली की तिथे मोडतोड होते. श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशींत वापरला जाताना असे रेणू थोड्याफार प्रमाणात तयार होतातच. विडी-सिगारेटचा धूर आणि किरणोत्सर्ग त्यात भर घालतात. त्यांची निर्मिती आणि त्यांना आवरण्याची शरीराची ताकद यांतला तोल गेला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या डेनहॅम हारमन यांनी असा सिद्धांत मांडला की म्हातारपण म्हणजे वर्षानुवर्षं साचत गेलेली हीच मोडतोड. १९७० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर व्हिटॅमिन सी भरपूर घ्या असं सांगणारं पुस्तक लिहिलं. दोन नोबेल मिळवलेल्या माणसाचा शब्द लोकांनी उचलून धरला. पुढे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांना पार थकेपर्यंत पळवलं आणि त्यांच्या स्नायूंत व यकृतात फ्री रॅडिकलचं प्रमाण दोन-तीन पट वाढलेलं दाखवून दिलं.

मग तर्क आपोआप जुळला. व्यायामानं फ्री रॅडिकल वाढतात, फ्री रॅडिकल घातक, म्हणून व्यायाम करणाऱ्यानं अँटिऑक्सिडंट घ्यावेत. या घाईत एक शोध मागे पडला. १९६९ मध्येच ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या एन्झाइमचं काम उलगडलं होतं. फ्री रॅडिकलचा निचरा करणारी यंत्रणा शरीराकडे स्वतःची आहे, असा त्याचा अर्थ. ती यंत्रणा व्यायामानं बळकट होते, आणि तिला बळकट व्हायला कारण काय लागतं, हा खरा प्रश्न होता.

तपासल्यावर काय दिसलं

२००९ मध्ये जर्मनीतल्या मायकेल रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० निरोगी तरुणांकडून चार आठवडे नेमानं व्यायाम करवून घेतला. निम्म्यांना रोज १००० मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं, निम्म्यांना दिलं नाही. व्यायामाचा एक मोठा लाभ असा की इन्सुलिन अधिक नीट काम करू लागतं; मधुमेह टाळण्यासाठी चाला, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. हा लाभ गोळ्या न घेणाऱ्यांत दिसला. गोळ्या घेणाऱ्यांत दिसला नाही. शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइमं वाढवणारी जनुकंही गोळ्या न घेणाऱ्यांतच जागी झाली होती.

त्याच्या आदल्याच वर्षी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी व्हिटॅमिन सी दिलेल्या उंदरांत दमसास कमी वाढल्याचं दाखवलं होतं. स्नायूंत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची वाढ मंदावली होती. २०१४ मध्ये नॉर्वेत ५४ जणांवर ११ आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यातही मायटोकॉन्ड्रिया वाढल्याच्या खुणा गोळ्या घेणाऱ्यांत कमी होत्या. पुढे नॉर्वेतच साठीपुढच्या पुरुषांना १२ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा व्हिटॅमिन सी आणि ई घेणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी भरले. निवृत्त काकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. साठीनंतर स्नायू टिकवणं आधीच अवघड असतं, त्यात आपल्याच हातानं अडथळा कशाला?

सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. नॉर्वेच्या त्याच ५४ जणांच्या प्रयोगात ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली. काही प्रयोगांत गोळ्यांनी काहीच बिघडलं नाही. म्हणजे चार दिवस गोळी खाल्ली म्हणून कुणाची भरती हुकणार नाही. पण नेमानं व्यायाम करणाऱ्या धडधाकट माणसाला मोठ्या डोसच्या गोळ्यांनी ठोस, भरवशाचा फायदा झाल्याचं दिसत नाही आणि तोट्याची शक्यता मात्र दिसते. असा सौदा शहाणा माणूस करत नाही.

‘निदान अंगदुखी तरी कमी होते,’ असं म्हणणारेही भेटतात. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरवत नाही, त्या दुखण्यावर झालेल्या ५० अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या-पावडरींनी पडणारा फरक इतका किरकोळ असतो की तो जाणवतही नाही.

ताणातूनच तयारी होते

असं का व्हावं? कारण व्यायामाच्या वेळी तयार होणारे फ्री रॅडिकल हा नुसता कचरा नसतो. तो पेशीला मिळालेला इशारा असतो. स्नायूवर नेहमीपेक्षा जास्त भार पडला, हे पेशीला ज्या मार्गांनी कळतं त्यांतला हा एक. तो मिळाला की पेशी मायटोकॉन्ड्रिया वाढवते, साखर खेचून घेण्याची क्षमता वाढवते, आणि सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज, ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं अधिक प्रमाणात बनवू लागते. पुढच्या वेळी तोच पल्ला तिला कमी जड जातो. म्हणून कसलेल्या धावपटूच्या शरीराला फ्री रॅडिकलचा निचरा करणं नवख्यापेक्षा चांगलं जमतं. त्यानं ती ताकद महिनोन्महिने पळून मिळवलेली असते.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो उन्हाळ्यात नांगरट करून जमीन तापू देतो. ढेकळं भाजतात म्हणून कुणी त्यांच्यावर सावली धरत नाही. तापण्याचा काळ संपला की पेरणीला जमीन तयार असते.

फ्री रॅडिकल शरीराला किती लागतात, हे एका दुर्मीळ आजारात उघड दिसतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी मुद्दाम फ्री रॅडिकल तयार करतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात त्यांना ते तयार करताच येत नाहीत. अशा मुलांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात, गळवं होतात, न्यूमोनिया होतो. शरीरातून फ्री रॅडिकल पार हद्दपार केले तर काय होईल, याचं उत्तर त्या मुलांच्या केसपेपरवर आहे.

मोठ्या चाचण्यांचा धडा

व्यायामाचे प्रयोग लहान असतात, पण गोळ्यांची परीक्षा हजारो माणसांवरही झाली आहे. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षं व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन, दोन्ही किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत १८,३१४ जणांवर अशीच चाचणी सुरू होती. त्यात धूम्रपान करणारे होते आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले कामगारही होते. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त आढळले. १९९६ च्या जानेवारीत ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. त्यानंतर ३५,००० हून अधिक पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढलेला २०११ मध्ये दिसला.

म्हणून गाजर, भोपळा, पालेभाज्या टाळायच्या का? मुळीच नाही. फिनलंडच्याच त्या माणसांत, ज्यांच्या जेवणात सुरुवातीपासून बीटा कॅरोटीन जास्त होतं त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला होता. ताटातल्या भाजीत शेकडो पदार्थ बेताच्या प्रमाणात आणि एकमेकांच्या जोडीनं येतात. गोळीत त्यांतला एकच उचलून कित्येक पटीनं भरलेला असतो. व्हिटॅमिन ईची दिवसाची गरज फार तर १५ मिलीग्रॅम, आणि कॅप्सूल ४०० ची.

औषध म्हणून लागतं तेव्हा

अँटिऑक्सिडंट म्हणजे थोतांड, असा अर्थ मात्र काढू नका. जिथे खरी गरज असते तिथे ते जीव वाचवतात. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं की यकृतातला ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि यकृत निकामी होऊ लागतं. त्यावर एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन हे औषध देतात. ते ग्लुटाथिओन पुन्हा भरून काढतं आणि पहिल्या आठ तासांत मिळालं तर सर्वांत चांगलं काम करतं. म्हणून पॅरासिटामॉल चुकून किंवा जाणून जास्त घेतलं गेलं, तर माणूस ठीक दिसत असला तरी थांबू नका. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

वयोमानानं डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजण्याच्या आजारात, ठरावीक टप्प्यावरच्या रुग्णांना ठरावीक व्हिटॅमिन आणि झिंकची गोळी उपयोगी पडते. अमेरिकेतल्या चाचणीत तिनं आजार पुढच्या अवस्थेत जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी केला. पुढे धूम्रपान करणाऱ्यांचा विचार करून त्यातलं बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन घातलं गेलं. हे नेत्रतज्ज्ञानं तपासून ठरवायचं काम आहे.

अतिकष्टाच्या टोकाला व्हिटॅमिन सीची एक बाजूही आहे. मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा ५९८ जणांच्या पाच चाचण्यांत व्हिटॅमिन सीमुळे सर्दी होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्ससारख्या ९० किलोमीटरच्या शर्यतीला जाणाऱ्यानं शेवटचे दोन-तीन आठवडे जाणकार डॉक्टरला विचारून ते घेतलं, तर ती गोष्ट वेगळी. बागेत पाच किलोमीटर पळणाऱ्याला तो नियम लागू होत नाही.

यांनी जास्त जपावं

काही जणांनी तर स्वतःच्या मनानं मोठ्या डोसची गोळी घेऊच नये.

कॅन्सरवर किरणोपचार किंवा केमो चालू असलेल्यांनी. हे उपचार कॅन्सरच्या पेशी मारायला काही प्रमाणात फ्री रॅडिकलचाच वापर करतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोके-मान भागाच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना किरणोपचाराच्या काळात आणि नंतरही व्हिटॅमिन ई दिलं गेलं. पुढे त्या गटात मृत्यूंचं प्रमाण अधिक आढळलं. तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर घरोघरी ठाऊक आहे. अशा रुग्णाला ‘ताकद यावी’ म्हणून नातेवाईक प्रेमानं डबे आणतात. आणण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.

रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसनं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मुतखडा झालेल्यांनी. व्हिटॅमिन सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो, आणि स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांना मुतखडा होण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं.

थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांनी. त्यांच्या शरीरात साठलेल्या लोहाबरोबर व्हिटॅमिन सी हृदयाला धोका करू शकतं.

आणि ज्यांना जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्यांनी. मुंबईच्या पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ती बरीच आढळते. यांच्या लाल पेशींना ऑक्सिडेटिव्ह ताण झेपत नाही. मलेरियावरच्या प्रायमाक्विननं किंवा नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांनी त्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. शिरेतून दिलेल्या व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनंही तेच होतं, म्हणून पार्लर किंवा क्लिनिकमधलं ‘ग्लो ड्रिप’ नुसतं चेहऱ्यापुरतं प्रकरण समजू नका.

मग करायचं काय

ताटाकडे वळा. व्हिटॅमिन सीची दिवसाची गरज आपल्या पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलीग्रॅम. शंभर ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलीग्रॅम असतं. आवळ्यात त्याहून जास्त, शेवग्याच्या पाल्यातही भरपूर. एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाचं काम झालं. शरीर एका मर्यादेपलीकडे व्हिटॅमिन सी ठेवूनच घेत नाही, जास्तीचं लघवीतून जातं. व्हिटॅमिन ई मूठभर शेंगदाण्यांत आहे, करडईच्या आणि सूर्यफुलाच्या तेलात आहे. पोह्यांवर लिंबू पिळा. त्यातल्या व्हिटॅमिन सीनं लोह अंगी लागतं, आणि पळणाऱ्या मुलींना त्याची गरज मुलांपेक्षा जास्त असते. हिमोग्लोबिन कमी असेल तर तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील ती लोहाची गोळी जरूर घ्या. बी-१२, डी किंवा लोहाची कमतरता भरून काढणाऱ्या गोळ्या या लेखाच्या वाट्याला येत नाहीत. त्या बंद करू नका.

डब्यावरच्या आकड्यांना भुलू नका. कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट ताकद, याची एक यादी अमेरिकेच्या कृषी खात्यानं प्रसिद्ध केली होती. परीक्षानळीतले ते आकडे शरीराला लागू होत नाहीत आणि कंपन्या त्यांचा गैरवापर करतात, असं सांगून २०१२ मध्ये खात्यानं ती मागे घेतली. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ मोजण्याचं महागडं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर त्या आकड्यावरून उपचार कोणता बदलणार, एवढंच विचारा.

ऑक्सिडेटिव्ह ताण खरोखर प्रमाणाबाहेर जातो तो अचानक, तयारीविना केलेल्या अतिव्यायामानं. त्यावर गोळीचा उतारा नाही. अंतर आठवड्याला थोडं-थोडं वाढवा, एक दिवस विश्रांतीचा ठेवा, पुरेशी झोप घ्या, एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी पळू नका. जाहिरात निघाली म्हणून पंधरा दिवसांत ग्राउंड मारून काढू, हा हट्ट सोडा. अति कष्टानंतर स्नायू खूप सुजले आणि लघवी काळपट-तांबूस झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि विडी, सिगारेट, तंबाखू सोडा. धूर ओढत राहून वर अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांचं काय झालं, ते फिनलंडनं मोजून दाखवलं आहे.

शेवटचं सांगणं ज्यांचा शब्द मुलं ऐकतात त्यांना. कोच आणि ट्रेनर मंडळींनो, वेळापत्रक द्या, धावण्याची लकब सुधारा, विश्रांतीचा दिवस पाळायला लावा. गोळ्या सुचवणं तुमचं काम नाही आणि त्यातलं कमिशन तर नकोच. मेडिकलवाल्यांनो, कुणी व्हिटॅमिन ईची स्ट्रिप मागितली तर कुणी लिहून दिली, एवढं विचारा. आईवडिलांनो, भरतीच्या मुलासाठी काही करायचंच असेल तर सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर उसळ, एक पेरू आणि रात्री दहाला घरातला टीव्ही बंद, एवढं करा. त्याच्या १६०० मीटरच्या वेळेला याचा उपयोग डब्यापेक्षा जास्त होईल.